गिरिजाचा झाकलेला डबा

काल सकाळी फणीत केसांचा एक गुंता आला आणि एकदम कागलची एमआयडीसी आठवली... वीसेक वर्षांपूर्वीची.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कोल्हापुरातून रोज कंपनीच्या बसने कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जायचे. शर्ट शिवणारी कंपनी होती. आमच्या टेबलावर सुटे धागे कापायचे, बटणं तपासायची आणि घडी घालून शर्ट पॅकिंगला पाठवायचे.

माझ्या शेजारी गिरिजा. निपाणीजवळच्या खेड्यातून यायची, घरी कन्नड, आमच्याशी मराठी. गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि पाठीवर अशी वेणी, की ती कामाच्या टोपीत कोंबताना रोज झटापट व्हायची. चेहऱ्याला कधी पावडर नाही, तरी गाल तुकतुकीत. टेबलावरच्या मुली विचारायच्या, कुठलं तेल लावतेस? ती म्हणायची, "खोबऱ्याचंच की. तुमच्यासारखंच."

त्याच दिवसांत मला बघायला एका मुलाकडची मंडळी येऊन गेली. नकार आला. मध्यस्थ काकूंनी आईला सांगितलं, "पोरगी जरा भरलेली हाय म्हणत्यात." आई विसरून गेली... मी नाही विसरले.

दुसऱ्या दिवसापासून डाएट सुरू! सकाळी बिनसाखरेचा चहा, डब्यात काकडी आणि एखादं सफरचंद, रात्री नुसतं ताक. भाकरी बंद, भात बंद, डाळ-उसळसुद्धा बंद. घरात मटण शिजायला लागलं की मी गच्चीवर. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. काही मासिकात वाचलेलं, काही पार्लरमध्ये ऐकलेलं.

दोन-अडीच महिन्यांत ड्रेस सैल झाले. सगळे कौतुक करायचे. पण ओठांचे कोपरे चिरले, डोळ्यांखाली काळं आलं आणि केस तर... न्हाणीघरात पाणी तुंबायचं, इतके गळायचे. मी आपली क्रीम बदलतेय, शाम्पू बदलतेय, मुलतानी माती थापतेय.

एक दिवस पॅकिंगमधून शर्ट परत आला. बटणाला लांब केस गुंडाळलेला. सुपरवायझर आले आणि त्यांनी थेट गिरिजाकडे बघितलं. "कितीदा सांगायचं, टोपी नीट घाल म्हणून?"

ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, "सर, माझा आहे," आणि टोपी काढून दाखवली. आत केसांचा पुंजकाच होता. सुपरवायझर शर्ट टेबलावर ठेवून निघून गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

जेवणाच्या सुट्टीत गिरिजाने डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, छोट्या डबीत दही. मी म्हटलं, नको गं, माझं डाएट चालू आहे.

तिने शांतपणे डब्याला झाकण लावलं. "मग मीबी खात न्हाय."

मला वाटलं, पाच मिनिटांनी खाईल. नाही खाल्लं. दुसऱ्या दिवशीही तेच... मी काकडी चावतेय आणि समोर ही हाताची घडी घालून बसलेली. दिवसभर उभ्याचं काम, त्यात पहाटे घर सोडलेलं. मी चिडले. "तुला काय करायचंय? माझं मी बघीन."

"बघ की. मी कुठं आडवतोय?"

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर तिच्या हातातून कात्री निसटली. उचलायला वाकली आणि टेबलाची कड धरून तशीच थांबली... ओठ पांढरे पडलेले. मी घाबरले. तिला धरून पाण्याच्या टाकीपाशी नेलं, खाली बसवलं, तिचा डबा आणून उघडला. "खा आता."

"आधी तू."

मी भाकरीचा तुकडा मोडला. गार झालेली भाकरी आणि झणझणीत चटणी. चिरलेल्या ओठांना अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. निदान तिला तरी मी चटणीचंच कारण सांगितलं. दोघींनी मिळून डबा पुसून खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून ती भाकऱ्या जास्तीच्या आणायला लागली. आईने मला डॉक्टरांकडे नेलं. रक्त कमी निघालं, गोळ्या आल्या, डब्यात उकडलेली अंडी आली. गिरिजा पक्की शाकाहारी. म्हणायची, "तिकडं लांब बसून खा... पण खा!"

केस काही लगेच आले नाहीत. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी कंपनीच्या फाटकात तिने माझं कपाळ उजेडाकडे वळवलं. "अगं, उगवलं की!" फाटकातल्या सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. कपाळाच्या कडेने बारीक, ताठ केस उभे होते.

पुढे त्याच काकू नवीन स्थळ घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चेहऱ्यावर तेज आलंय हो! कुठल्या पार्लरला जाती?" आई म्हणाली, "जेवायला लागलीय ती." काकूंना ती थट्टा वाटली.

तेही स्थळ जमलं नाही. वजन तर माझं होतं तेवढं परत आलं होतं. पण त्या रात्री मी ताटावर बसले, आमटी-भात दोनदा मागून घेतला आणि गाढ झोपले.

पुढच्या वर्षी गिरिजाचं लग्न झालं, ती बेळगावकडे गेली. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हते... पत्ता राहून गेला. आईने माझ्यासाठी कितीतरी सोमवार धरले, ते सगळे देवापुढे. गिरिजा मात्र उपाशी राहिली ती थेट माझ्यापुढे बसून. इतकं कोण करतं हो, टेबलावर शेजारी उभ्या असलेल्या मुलीसाठी?