घटात बसलेला नमुना

मृदाशास्त्रात एम.एस्सी. करतेय म्हटलं की आमच्या सिल्लोडकडच्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे नेमकं काय करतेस गं?" मी म्हणायचे, "माती शिकते." मग मामा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "त्यासाठी शहरात कशाला गेलीस बाई? माती तर इथं पायाला चिकटून घरात येती!" सगळे खो खो हसायचे आणि मी भरल्या ताटावरून उठायचे. राग माझ्या नाकावर, तेव्हाही आणि आताही.

पण ते दिवस आठवले की जीव गलबलतो, खोटं कशाला बोलू? आता मी माती तपासायच्याच नोकरीत आहे. एसीत बसते, यंत्र स्वतःच आकडे छापून देतं. तरी ती विद्यापीठातली कळकट प्रयोगशाळा डोळ्यांपुढून जात नाही. ओल्या मातीचा आणि ॲसिडचा मिळून तिथं एक वास असायचा, तो ओढणीला चिकटून खोलीपर्यंत यायचा. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण काम करायची. तीही सिल्लोडचीच, तिच्या अब्बांचं तिथं कापडाचं दुकान. नमुन्यांच्या पिशव्या शिवायला आम्ही दोघी गुलमंडीच्या बाजारात मांजरपाट घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदारानं विचारलं, काय शिवायचंय? ही बया गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "माटी के कपड़े." त्यानं आम्हाला सरळ वेड्यात काढलं.

मी राहायचे शहराच्या कडेला, पडेगावला, एका काकूंच्या घरी खोली घेऊन. काकूंचे यजमान कधीच वारलेले, मुलगा कंपनीत, तो कामावरून यायचा तो झोपायलाच. घराच्या मागं काकूंचं वावर होतं. म्हणजे त्यांचं म्हणायचं आपलं. मी राहायला गेले त्याच्या आधीच ते प्लॉटिंगवाल्याला विकून झालं होतं, फक्त त्याची माणसं अजून आली नव्हती. आणि माझ्या प्रबंधाचा विषय नेमका तोच होता. शहराच्या कडेच्या काळ्या रानाचे प्लॉट पडतात तेव्हा त्या मातीचं काय होतं? आधीची माती तपासायची, मग नंतरची तपासायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. मी जागा शोधत वणवण हिंडत होते. सरांना कळलं तसे ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! तुझ्या उशाशी वावर आहे की."

मग उन्हाळ्यात त्या वावरात खड्डा घेतला. भेगा अशा पडलेल्या की मनगटापर्यंत हात आत जायचा. दोन गड्यांनी छातीइतकं खोल खणून दिलं आणि मी चाकू न् पट्टी घेऊन आत उतरले. वर काळीभोर माती, तिच्याखाली तपकिरी, मग चुनखडीचे पांढरे खडे आणि तळाला मुरूम. चिमूटभर माती ओली करून अंगठा न् बोटात दाबली की तिची लांबलचक पट्टी निघायची, तुटायची म्हणून नाही. काकू पदर डोक्यावर घेऊन बांधावर बसून बघत होत्या. त्यांनीही चिमूट उचलली, पट्टी काढली आणि पोरीसारख्या हसल्या. म्हणाल्या, "इवढं खालचं मी मपल्या जन्मात बघितलं नव्हतं. आम्ही आपले वरवरच राबलो की गं."

प्रत्येक थराचा नमुना वेगळ्या पिशवीत भरून खोलीवर आणला. माती उन्हात वाळवायची नसते, सावलीत कागदावर पसरायची. मग मुळ्या वेचायच्या, लाकडी मोगरीनं हलक्या हातानं फोडायची, चाळायची, ढीग करून त्याचे चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. काकू दारात उभ्या राहून हे सगळं बघायच्या. टाकायची वेळ आली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "कामून टाकती गं चांगली अर्धी माती?" मी म्हणायचे, "नियम आहे काकू." "असला कसला मेला नियम!" म्हणत त्या आत जायच्या.

आणि नेमकं तेव्हाच विभागातलं नत्र मोजायचं यंत्र बंद पडलं. प्रयोगशाळेत ठेवायला जागा नाही, म्हणून सरांनी सांगितलं, नमुने खोलीवरच राहू देत. इकडं पावसानं उघडीप दिली तसा प्लॉटिंगवाला आला. जेसीबीनं वरची काळी माती खरवडून टिपरमध्ये भरून नेली, मुरूम अंथरला, सिमेंटचे खांब रोवले, गेट बसवलं. झालं! त्या वावराची वरची माती आता सगळ्या जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या खोलीतल्या एका पिशवीत. प्रबंधासाठी घेतलेले बाकी दोन खड्डे दुसऱ्या गावचे होते, पण तिथली माती पातळ, मुरमाड. माझ्या प्रबंधाचा जीव होता तो काकूंच्या वावरात. ती पिशवी गेली असती तर 'आधी' म्हणून दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि आधीच नाही तर नंतरला काय चाटायचंय?

यंत्र दुरुस्त झालं ते घटस्थापनेच्या दिवशी. मी दुपारीच धावत खोलीवर आले, पिशव्या न्यायला. बघते तर बाकीच्या पिशव्या जागेवर आणि ती एक रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली. खोलीची दुसरी किल्ली काकूंकडं असायची. मी तशीच देवघरापाशी गेले. परडीत काळी माती, मातीत गहू पेरलेला, मधोमध घट, शेजारी दिवा तेवतोय.

"काकू, माझ्या पिशवीतली माती कुठंय?"

"घट बसवला गं."

"माझ्या मातीत?"

"व्हय. नऊ दिवसांचा तर सवाल हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काकू, ती काय कुठली पण माती होती का? माझी दोन वर्षं आहेत त्या पिशवीत! गुलमंडीत पुडीत बांधून मिळते घटाची माती, ती आणायची होती ना!"

काकूंनी आवाज चढवला नाही. दिव्यात तेल घातलं आणि म्हणाल्या, "बसलेला घट हलवीत नसतेत, पोरी. आता तू काय बी म्हण."

मी रडत सरांकडं गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला. विचारलं, "पाणी घातलं? बी टाकलं?" मी मानेनंच हो म्हटलं. "मग संपलं. पाणी मुरलं, बी रुजलं, की ती माती पहिली राहत नाही. हा खड्डा वगळ. दोन खड्ड्यांवर भागव, बघू कसं काय होतं ते." मैत्रिणीनं मला बाहेर नेऊन चहा पाजला. म्हणाली, "इत्ता रोना नक्को यार. अब देवी से माटी छीन के लाएगी क्या?" त्या रडण्यातही मला हसू फुटलं, आणि हसले म्हणून आणखी रडू आलं.

पुढचे दिवस मी काकूंशी अबोला धरला. त्या भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीचं ताट दाराशी ठेवून जायच्या, मी खायचे आणि न बोलता ताट घासून ठेवायचे. पण येता-जाता नजर परडीकडं जायचीच. गहू असा तरारून वर आला होता की सवयीनं मनात म्हटलं, उगवण झकास आहे. मग स्वतःचाच राग आला.

पाचव्या माळेला काकू माझ्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

"पुडीतली आणणारच होते मी," त्या म्हणाल्या. "पण ती कुणाच्या रानातली, काय ठावं? लग्न होऊन आले तव्हापासून घटाला माती मपल्याच वावरातली. आदल्या दिवशी टोपलं घेऊन गेलते तिकडं. म्हटलं उलशी कुठंतरी कडंला राहिली असंल. तर गेटावरचा वॉचमन म्हणतो, आजी, इधर अंदर आना मना है. मी म्हटलं, बाबा, माझं वावर हाय हे. तर हसला मेला." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "परत आले तर तुझी पिशवी दिसली."

मी उठून दोघींसाठी चहा टाकला, इतकंच केलं.

दसऱ्याला घट उठले. गव्हाचे पिवळे कोंब काकूंनी माझ्या केसांत खोचले आणि मला वाटलं, विषय मिटला. पण त्यानंतर काही दिवसांनी विद्यापीठातून आले तर माझ्या टेबलावर तीच मांजरपाटाची पिशवी, भरलेली. नमुन्याच्या नावाची माझी चिठ्ठीसुद्धा तोंडाला तशीच बांधलेली. काकू मागं उभ्या, चेहरा परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोरीसारखा.

"घे बाई तुझी माती. सावलीतच वाळवली, उन्हाला दाखवली नाय. मुळ्या येचल्या, लाटण्यानं फोडली, मपल्या पिठाच्या चाळणीनं चाळली. फक्त ती अर्धी टाकायची असती ना, तेवढी टाकली नाय बघ. जीवावर आलं."

मी पिशवीची गाठ सोडून आत बघितलं.

"तू उगीच इतकी रडली," काकू म्हणाल्या. "मी काय ठिवून घेणार होते का? नऊ दिवसांसाठी घेतली, परत दिली. माती कधी सरती का गं?"

किती पिकं त्या मातीनं दिली होती आणि दर वेळी परत माती ती मातीच! काकूंचं काय चुकलं? सर म्हणाले होते ते सगळं माझ्या ओठांवर आलं, पण काकूंच्या तोंडाकडं बघून ते बाहेर पडेना. मी म्हटलं, "चालतंय की, काकू."

ती पिशवी मी कधी तपासली नाही. प्रबंध दोन खड्ड्यांवरच गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, पडेगावची एवढी चांगली काळी माती जवळ असताना ती का नाही घेतली? आमचे सर खोकले. मी म्हटलं, "नमुना हाती राहिला नाही, सर." दोन खड्ड्यांवरही कसंबसं निभावलं.

निकाल लागला त्या दिवशी काकू ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मी सांगितलं, "काकू, पास झाले. फर्स्ट क्लास."

"तुझं तर होणारच होतं," त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "वावराचं सांग की. मपलं वावर झालं का पास?"

त्या वावराचं नावसुद्धा प्रबंधात कुठं नव्हतं.

"झालं, काकू," मी म्हटलं. "त्यालाही फर्स्ट क्लास."

काकूंनी हात पुसले, डोक्यावरचा पदर सारखा केला, साखरेची वाटी माझ्या हातात दिली आणि शेजारीपाजारी वाटायला निघाल्या. मी वाटी धरून त्यांच्या मागं. पहिल्याच दारात त्यांनी माझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, "अवो, तोंड गोड करा. आमच्या वावराला फर्स्ट क्लास मिळाला."