भाजावळीतली शेवंती

फुलझाडांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, क्षमा असावी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्याच्या थंड हवेतली शेवंती मी संगमेश्वराजवळच्या आमच्या घरी आणली. देवाला घरचं फूल हवं म्हणून आईने ती भाताच्या रोपांच्या वाफ्यात लावली. बाकी परसात कातळच होता. उन्हाळ्यात ती वाळली.

"मुळं जिवंत असतील," मी म्हणालो.

"कॉलेजात हेच शिकवतात काय?" म्हणत वडिलांनी दरवर्षीप्रमाणे वाफ्यावर पालापाचोळा पसरून पेटवला, भाजावळ केली. आई त्या दिवशी जेवली नाही.

पावसाळ्यात पुण्याला एक गाववाला भेटला. "तुमच्या भातात शेवंती फुटलीय. तुझी आईस तिच्याभोवतीची तेवढी रोपं लावणीला कुणाला उपटू देत नाही."

"आणि बापूस?"

"तो गुरं हाकलीत तिथंच बसलाय."