मेथीची जुडी

नागपूरहून बी.ए. होऊन अकोल्याला परतलो, तेव्हा लकव्याने वडिलांची उजवी बाजू लुळी पडली होती. शेजारचे माळीकाका त्यांना रोज सकाळी मोर्णा नदीच्या कमरभर पाण्यात धरून चालवीत. मग बाजारात न्यायची भाजी धुताना एक मेथीची जुडी त्यांच्या लुळ्या हातात देत. ती रोज वाहून जाई.

"काका, तुमचं नुकसान होते," मी एकदा म्हणालो.

"नदीले बी भाजी लागते," ते पुढची जुडी धुत म्हणाले.

पावसाळ्याआधी एके दिवशी वडिलांची बोटे जुडीवर मिटली. काकांनी जुडी ओढून पाहिली, सुटेना.

"सोडा, दादा. बजार उठून जाईन."

वडिलांना मूठ उघडता येईना. काकांनी त्यांना काठावर बसवले, टोपली डोक्यावर घेतली.

"असू द्या. उद्या सोडाले शिकवतो."