खाडीत गेला की आऊट

नाव : नूरुद्दीन इब्राहिम परकार. वय : इकाम्याप्रमाणे (सौदीतील रहिवासी परवाना) अठ्ठावन्न, मातोश्रींच्या म्हणण्याप्रमाणे साठ. मूळ गाव : दाभोळ. इकाम्यावरील व्यवसाय : सुतार (सदर इसमाने हयातीत रंधा हाती धरल्याची नोंद आढळत नाही). प्रत्यक्ष व्यवसाय : दाबमापकांची दुरुस्ती व तपासणी. सेवाकाल : एकोणतीस वर्षे. ठिकाण : धाहरानजवळील कॅम्प. ओळखीची खूण : डाव्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर, उजव्या खिशात खजूर. अतिरिक्त कार्यभार : देखभाल विभागाच्या बेसबॉल संघाचे व्यवस्थापन, विनावेतन. हा कार्यभार सदर इसमाकडे कसा आला याबाबत कागदपत्रे उपलब्ध नाहीत.

कागदपत्रं नसली तरी माणसं आहेत, आणि ती सांगतात. कॅम्पात पूर्वी एक अमेरिकन सुपरिंटेंडंट होता. त्याने वाळू सपाट करून मैदान आखलं, सहा विभागांचे सहा संघ केले आणि एक दिवस बदली होऊन निघून गेला. मागे राहिले चार बेस, अकरा हातमोजे आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक. मोजे लोकांनी वाटून घेतले. पुस्तकाला कोणी हात लावेना, म्हणून ते नूरुद्दीनभाईंनी घेतलं. बाजूला डिक्शनरी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत दोन महिन्यांत ते संपवलं. एखाद्या ठिकाणी नियम वाचलेला एकच माणूस असला की भांडणं त्याच्याकडे येतात, आणि भांडणं मिटवणाऱ्याच्या गळ्यात लवकरच संघ पडतो. त्याला आता बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत देखभाल विभागाने चषक लांबूनच पाहिला.

नूरुद्दीनभाईंचा धंद्यातला एक नियम आहे. काटा भलतं दाखवू लागला की आधी काटा तपासायचा, मग तो नीट बसवलाय का ते पाहायचं, आणि बॉयलरकडे सगळ्यात शेवटी बघायचं. नियम साधा आहे. पण काटा हलला म्हणून आख्खा पंप बदलायला निघालेले इंजिनियर त्यांनी पाहिलेत, आणि चहा पाजून त्यांना जागच्या जागी बसवलंय. मोठ्याने बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. मैदानावरचा अपवाद पुढे येईल.

तर या संघात गेल्या हिवाळ्यात शारीक आला. शारीक सारंग, वय तेवीस, दाभोळच्या खाडीच्या पलीकडच्या तीरावरचा. नूरुद्दीनभाईंच्या वर्कशॉपमध्ये फिटर. हात असा की बिघडलेला गेज त्याच्याकडे दिला तर दुपारच्या जेवणाआधी बरा होऊन टेबलावर बसलेला असायचा. त्याच हातात बॅट दिली की मात्र सगळा कारभार फिसकटायचा.

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता अंगावर येतो. तो समोरच्या दोन रेघांच्या आत मारायचा आणि पहिल्या बेसकडे धूम ठोकायची. चेंडू तिथे आधी पोचला तर तुम्ही बाद. पहिल्या सामन्यात शारीकने चेंडू पायापाशी सुंदर अडवला आणि तो तसाच उभा राहिला. अडवल्यावर पळायचं कशाला, असा त्याचा प्रामाणिक समज. पळायचं असतं हे कळल्यावर तो मागे कट मारू लागला. क्रिकेटमध्ये त्याला चार धावा मिळाल्या असत्या, इथे फाउल. मग संघातल्यांनी ओरडून ओरडून त्याला जोरात फिरवायला लावलं. तेव्हापासून बॅट आणि चेंडू यांची भेटच होईना. पाच शुक्रवार झाले, एकदाही तो पहिल्या बेसवर पोचला नाही.

सहाव्या आठवड्यात, मंगळवारी, चंद्रशेखर नातू चहाच्या वेळेला वर्कशॉपमध्ये आले. हे नाशिकचे, प्रकल्प विभागाचे इंजिनियर आणि त्या विभागाच्या संघाचे व्यवस्थापक.

"नूरभाई, सरळ मुद्द्यावर येतो. डॅनिलो देतो. तुमचा तो पोरगा द्या."

डॅनिलो म्हणजे कॅम्पातला सगळ्यात चांगला चेंडूफेक्या. तो ज्याच्याकडे त्याच्याकडे चषक, इतका सरळ हिशेब.

"कुठला पोरगा?"

"असं काय करता! तो शारीक. ज्याची पाळी आली की तुमचेच लोक डोळे मिटतात, तो."

"तुम्हाला तो कशाला?"

"खेळायला."

"बरं."

नूरुद्दीनभाई चहात खजूर बुडवत राहिले. ही त्यांची जुनी पद्धत. समोरचा माणूस मग आपणहून बोलतो.

"फिटर चांगला आहे हो," नातूंनी शेवटी कबूल केलं. "पुढच्या आठवड्यात आमची टोळी पार दक्षिण टोकाला, जिझानला जातेय. आठ महिने. असा हात मला मिळत नाहीये."

"जिझानला तुमचा संघ आहे?"

"तिथे मैदानच नाही, संघ कुठला!"

"म्हणजे डॅनिलो खेळाडू म्हणून येणार आणि शारीक फिटर म्हणून जाणार."

"शेवटी दोघंही मनुष्यबळच ना. फॉर्मवर रकाना एकच आहे. आणि जूनमध्ये तुम्ही निवृत्त होऊन निघणार, खलास. चषक घेऊन जा की गावाला."

ज्या विभागाच्या हजेरीपटावर नाव, त्या संघातून खेळायचं, असा लीगचा नियम. त्यामुळे खेळाडूंची अदलाबदल करायची तर माणसाचं कामच बदलावं लागतं. दोन्ही सुपरवायझरांनी एक फॉर्म भरला की झालं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही सांगायचं ठरलं. बातमी तासाभरात कॅम्पात फिरली. देखभाल संघाने तर मनातल्या मनात शारीकचं सामान बांधून ठेवलं.

घरी रुकय्याभाभी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बारा वर्षं शुक्रवारचा नाश्ता थंड होतोय माझा. आता मिळतोय चषक तर घ्या."

"अगो, आणि पोराचं?"

"जिझान म्हणजे काय काळं पाणी आहे? दर्या आहे तिथे. मासळी मिळते. इथल्या त्या बर्फातल्या हमूरपेक्षा बरी."

"त्याला जायचं नसलं तर?"

"विचारलंत त्याला?"

"नाही."

"मग माझ्याशी कसली मसलत करताय? मला थोडंच जायचंय!"

बुधवारी सुट्टी झाल्यावर नूरुद्दीनभाई शारीकला घेऊन मैदानावर गेले. ऊन कलतं होतं. खांदा दुखत असतानाही त्यांनी स्वतः चेंडू टाकले. चाळीस टाकले आणि चाळीस वेळा फक्त पोराची मनगटं बघितली. बघायला माणसं नव्हती, म्हणून शारीक त्याच्या सवयीने खेळत होता. एकही चेंडू हुकला नाही. पण बॅटला लागता क्षणी मनगट मऊ पडायचं आणि चेंडू पायापाशी मरून पडायचा.

"तू मारत नाहीस रे. झोपवतोस."

"माफ करा, चाचा."

"माफी कशाला मागतोस? लहानपणी कुठे खेळायचास?"

"जेटीवर."

"बागेकडे तोंड करून की खाडीकडे?"

"खाडीकडे. बागेकडून मुल्लाची म्हातारी दगड मारायची."

नूरुद्दीनभाई बेसवरच खाली बसले. "खाडीत गेला की?"

"आऊट."

"आणि?"

"भरती असली तर उडी मारून आणायचा. ओहोटी असली तर चेंडू दर्यात, मग नवा विकत."

"किती वर्षं खेळलास असं?"

"तेरा-चौदा."

नूरुद्दीनभाईंनी समोर पाहिलं. कुंपणापर्यंत वाळू आणि कुंपणाच्या पलीकडेही वाळूच. पाण्याचा टिपूस नाही.

"इथे आहे का खाडी?"

"नाही, चाचा. पण हाताला कोण सांगणार?"

मग त्यांनी त्याला अदलाबदलीचं सांगितलं. शारीकला ते आधीच ठाऊक होतं. त्याने बॅटवरची वाळू पुसली, पुन्हा पुसली.

"मोठ्यांनी ठरवलं की जाईन मी. काम कुठेही करीन. फक्त, चाचा, एकदा त्या पहिल्या बेसवर उभं राहायचं होतं. माझ्या पायांनी पोचून. मग जिझानला पाठवा, नाहीतर चंद्रावर."

घरी येऊन नूरुद्दीनभाईंनी नियमांचं पुस्तक काढलं. चेंडू मुद्दाम हळूच जमिनीवर ठेवायचा आणि पळायचं, हा या खेळात कायदेशीर डाव आहे. त्याला बंट म्हणतात. त्या परिच्छेदाखाली त्यांनीच बारा वर्षांपूर्वी खूण करून समासात लिहिलं होतं : असं कोण शहाणा करील?

गुरुवारी बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी फॉर्मवर ‘नाही’ला खूण केली. नकाराचं कारण एका ओळीत मागतात. त्यांनी लिहिलं : दुरुस्ती चालू.

नातू फॉर्म बघून हळहळले. "चषक जातोय, नूरभाई."

"बारा वर्षं जातोच आहे. त्याला वाट माहीत आहे."

संघातल्यांनी एवढ्या सभ्यपणे घेतलं नाही. दोघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. एकाने शारीकला ऐकू जाईल असं म्हटलं, "गाववाला आहे ना, मग काय!" उत्तर द्यायला नूरुद्दीनभाईंकडे फक्त एक परिच्छेद होता आणि तो अजून कुणी खेळून दाखवला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सातला सामना सुरू झाला. जुम्म्याच्या नमाजाआधी संपवावा लागतो. समोर प्रकल्प विभागच, आणि फेकायला डॅनिलो. शारीकची पाळी आली तशी देखभालच्या बाकावरची मंडळी मान खाली घालून बूट बांधू लागली. डॅनिलोने तुफान चेंडू फेकला. शारीकने तो झोपवला. चेंडू तीन पावलांवर निपचित पडला, डॅनिलो त्याच्याकडे नुसता बघत राहिला, आणि शारीक पळाला. बॅटसकट. बेस दीड पावलावर असताना त्याने कमरेत वाकून बॅट लांबवली आणि बेसला टेकवली, क्रिकेटमध्ये क्रीजला टेकवतात तशी. पाय मागेच होता. चेंडू येऊन बेसवरच्या गड्याच्या हातमोज्यात बसला.

"आऊट."

"टेकली होती!" शारीक पंचांना सांगत होता. "बॅट टेकली होती!"

पंच केरळचे. त्यांना चूक लगेच कळली, आणि बराच वेळ ते हसू आवरू शकले नाहीत. बाकी मैदानाने तर आवरायचा प्रयत्नही केला नाही.

दुसरी पाळी नऊच्या सुमाराला आली. पुन्हा चेंडू झोपला, पुन्हा शारीक बॅटसकट निघाला. तेव्हा एकोणतीस वर्षांत कॅम्पाने न ऐकलेला आवाज आला.

"फेक ती! अरे, फेक ती बॅट!"

शारीकने फेकली. ती नातूंच्या पायाशी येऊन पडली. पाय बेसवर पडला तेव्हा चेंडू अजून हवेत होता. पंचांनी दोन्ही हात पसरले, म्हणजे पोचला. शारीक बेसवर दोन्ही पाय जोडून, फोटोला उभं राहावं तसा उभा राहिला. पुढच्या गड्याने चेंडू लांब मारला तरी तो उभाच.

"आता पुढे पळ रे, गाढवा!" हा दुसरा अपवाद.

तो सामना देखभाल विभाग सात-तीनने हरला. बोलणं सोडलेल्या दोघांपैकी एकाने परतीच्या वाटेवर शारीकला विचारलं, मनगट नेमकं केव्हा ढिलं सोडायचं.

जूनमध्ये नूरुद्दीनभाई निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी त्यांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं : ‘श्री. परकार यांच्या दूरदर्शी व गतिमान नेतृत्वाखाली विभागाच्या क्रीडापथकाने यशाची नवनवी शिखरे पादाक्रांत केली.’ खाली तीन सह्या आणि गोल शिक्का.

सहा संघांत देखभाल विभाग चौथा आला होता, आणि शारीक पहिल्या बेसवर नऊ वेळा पोचला होता.