चार चौकटी आणि एक म्हैस

ऐन दुष्काळात, डेअरीच्या दारात, माझ्या वडिलांनी चार लिटर ताजं दूध मातीत ओतलं. मी सांगितलं म्हणून ओतलं.

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. आणि कॉमिक्सचा पहिलाच भक्त. ट्रक ड्रायव्हरांनी वाचून टाकलेली कॉमिक्स उमरग्याच्या रद्दीवाल्याकडं मिळत. पहिलं उघडलं तेव्हा मी थक्क झालो. एका चौकटीत माणूस कड्याच्या टोकावर उभा, पुढच्या चौकटीत थेट घोड्यावर! मधल्या बोटभर कोऱ्या जागेत उडी मारली कुणी? मीच की, माझ्या डोक्यात! बी.ए.च्या तीन वर्षांत एकाही पुस्तकानं मला इतकं कामाला लावलं नव्हतं. (प्राध्यापकांनी माफ करावं.)

पुढं गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी झालो, पण तात्पुरता. कायम करायचं का, हे तालुक्याचे साहेब येऊन ठरवणार होते. आमची अडचण एकच. कॅन नीट धुतले जात नसत आणि दूध नासायचं. सूचना लिहावी, तर वाचणार कोण?

मी डेअरीच्या भिंतीवर कॉमिक काढलं! अक्षर एकही नाही. ओळीनं चार चौकटी : कॅनमध्ये कढत पाणी ओतून धुवा, पालथा घालून निथळा, दूध काढून त्यात भरा, डोक्यावर घेऊन डेअरीला या. नायक म्हणून फेट्यामिशांसकट आबांनाच घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीपुढं हात जोडून उभे राहिले.

"म्या हाय व्हय रं ह्यो? चार-चार डाव?"

साहेब आले. भिंत पाहून म्हणाले, "छान. पण लोकांना कळतं का हे?"

"न कळायला काय झालं?" आबा पुढं सरसावले. "करूनच दावतो!"

माझी छाती फुगली. आबा घरी गेले आणि डोक्यावर रिकामा कॅन, हातात म्हशीचं दावं घेऊन परत आले.

"आबा, म्हैस कशाला?"

"गप. भित्तीवर हाय तसंच करतोय."

तिथंच बसून त्यांनी म्हैस पिळली. दूध कॅनमध्ये भरलं. मग भिंतीकडं एकदा नीट पाहिलं, डोळे मिटले आणि कॅन पालथा केला!

"आबाऽऽ!"

दूध साहेबांच्या बुटापर्यंत पोचलं. सोसायटीचे चेअरमन ओरडले, "अहो, येड लागलं का तुमाला?" आबा शांतपणे चहाच्या चुलीकडं गेले आणि दोन कोसांवरून आणलेलं, चहासाठी उकळत ठेवलेलं पाणी कॅनमध्ये ओतून मोकळे झाले.

"झालं बगा, सायेब. कॅन भरला."

"कशानं भरला?"

"पान्यानं. मला बी वाइच इपरीत वाटलं. पन पोरगं बी.ए. हाय. कायतरी शास्तर असंल म्हनलं."

"पण सुरुवात कुठून केलीत?"

आबांनी उजव्या टोकाच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हितनं. आनि कुठनं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांची शाळा निजामाच्या अमदानीतली, तिसरीपर्यंत, सगळी उर्दूत. उर्दू उजवीकडून वाचतात, आणि आयुष्यात त्यांनी दुसऱ्या लिपीतलं अक्षर वाचलंच नव्हतं! माझं कॉमिक त्यांनी एकही चौकट न गाळता शेवटापासून आरंभापर्यंत वाचलं होतं. घरातलं सकाळचं सगळं दूध ओतून टाकण्याइतका विश्वास ठेवून! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (लोकांना वाटलं, नोकरी गेली म्हणून.)

साहेब बूट पुसत म्हणाले, "सेक्रेटरी, बापाला जे एवढं करायला लावतं, ते चित्र चांगलंच असणार. नोकरी कायम. पण कुठून वाचायचं ते आधी सांगा."

मी बाण काढू का खुणेचा हात काढू, या विचारात पडलो. आबा म्हैस सोडता सोडता म्हणाले, "एक, दोन, तीन, चार, असे आकडे टाक की! येष्टीवर वाचून वाचून तेवढे येत्यात मला."

मी मुकाट्यानं आकडे टाकले. चारपर्यंत मोजायला बी.ए. लागत नाही, पण बी.ए. झाल्यावर ते सुचायला एक बाप आणि चार लिटर दूध लागतं.