ढगातली शेगडी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा काय काम करतो असं कोणी विचारलं की आम्ही घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. ढग धरतो म्हणावं तर लोक हसत, न सांगावं तर काहीतरी लपवतोय असं वाटे. शेवटी आमच्या ह्यांनी तोड काढली. "पाण्याच्या खात्यात आहेत," म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं. पण घरात भावोजींचं नाव ढगोबा पडलं ते पडलंच.

टेकडीच्या माथ्यावर दोन खोल्या होत्या. एकीत धाकटी आणि भावोजी राहायचे, दुसरीत यंत्र राहायचं. यंत्राची खोली मोठी होती, हे वेगळं सांगायला नको. बाहेर एक लोखंडी चौकट, तिला उभे दोरे ताणलेले, बाज विणायला घेऊन अर्धवट सोडावी तसे. ढग टेकडीवर उतरला की त्या दोऱ्यांमधून जायचा, जाताना थेंब ठेवून जायचा, आणि ते थेंब ओघळून खालच्या बाटलीत पडायचे. शिवाय एक पंप होता. तो नळीनं बाहेरची हवा ओढायचा आणि एका गोल पांढऱ्या कागदातून गाळायचा. कागद बदलायचा, पाकिटात घालायचा, बाटलीला बूच लावायचं, खालून जीप आली की सगळं प्रयोगशाळेत पाठवायचं. एवढी भावोजींची नोकरी.

"गाळून काय मिळतं?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं.

"ढगाचं बी," भावोजी म्हणाले. "ताई, नुसत्या वाफेचा ढग होत नाही. थेंबाला धरून बसायला काहीतरी लागतं. धुळीचा कण, समुद्रावरून उडालेलं मीठ, धूर, फुलातली पूड. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच, पण लागतं."

"म्हणजे मी एवढी वर्षं ढग बघून पवित्र काहीतरी समजत होते, ती धूळच?"

"धूळ आणि पाणी."

"म्हणजे चिखल!"

धाकटी एवढी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. 

तो खोकला सूतगिरणीतला. लग्नाआधीपासून ती पिंजणखात्यात होती. तिथल्या हवेत कापसाचे तंतू एवढे, की संध्याकाळी घरी आली की भुवया पांढऱ्या दिसायच्या. आम्ही तिला म्हातारे म्हणून चिडवायचो. छातीत काय साठतंय ते कोणाला दिसत होतं? पुढे जिना चढताना ती मधेच थांबून भिंतीवरचे जुने पोपडे न्याहाळायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हिला धूळ-धूर नाही अशा जागी न्या. भावोजींनी खालची चांगली नोकरी सोडली आणि टेकडीवरची ही धरली. हवा स्वच्छ, म्हणूनच तर यंत्र तिथे बसवलं होतं. लोक म्हणाले, वेडा आहे. मला त्या दिवसापासून हा माणूस आवडायला लागला. त्याआधी, खरं सांगायचं तर, मला तो जरा घुम्या वाटायचा.

सुरुवातीला धाकटी खरंच सुधारली. गाल भरले. "माझ्या छातीतला कापूस आणि तुमच्या कागदावरची धूळ," ती नवऱ्याला म्हणायची, "आपलं दोघांचं खातं एकच."

पण त्या जागेची एक अट होती. आधीच्या म्हाताऱ्या चौकीदारानं किल्ल्या देताना भावोजींना बजावलं होतं : ढग उतरला की आग पेटवायची नाही आणि पंप बंद करायचा नाही. एवढं सांभाळ, ही नोकरी तुला म्हातारा करील. कारण उघड होतं. आपल्या शेगडीचा धूर कागदावर गेला, तर प्रयोगशाळेतल्या माणसांना वाटायचं ढगच तसा आहे. भावोजींनी ते वेदवाक्य मानलं. ढगाची चाहूल लागली की धाकटी भराभरा स्वयंपाक उरकायची, थर्मासात चहा भरायची आणि शेगडीवर पाणी ओतायची. वीज होती ती पंपापुरतीच. मग ढग हलेपर्यंत गार जेवण, ओलसर अंथरूण आणि भिंतींना सुटलेला घाम.

"ही हवा स्वच्छ आहे खरी," मी एकदा म्हटलं, "पण हिच्यात मासे सोडले तर जगतील."

त्या वर्षीच्या थंडीत जीपवाल्यानं निरोप आणला, धाकटीला बरं नाही, येऊन जा. मी त्याच जीपनं वर गेले. तिला ताप होता. जीप खाली वळली आणि तिच्या पाठोपाठ ढग उतरला. तो नेहमीसारखा सकाळी उठून गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रस्ता हातभर दिसेना. जीप वर येणार नव्हती, डॉक्टर तर दूरच. धाकटीचे दात वाजत होते. घरातली सगळी पांघरुणं तिच्यावर घातली, माझं लुगडं घातलं, शेवटी मीच तिला कवटाळून पडले. तरी ती आतून हलत होती, पंपासारखी.

"भावोजी, शेगडी पेटवा," मी म्हटलं.

"ताई, ढग आहे."

"ढग मला दिसतोय. मला आंधळी समजता? तुमची बायको दिसतेय का तुम्हाला?"

धाकटीच म्हणाली, "ताई, गप्प बैस. ह्यांची नोकरी गेली तर परत खाली जायचं. खाली मला श्वास येत नाही."

भावोजी बाहेर गेले. यंत्राजवळ एका काठीला कापडाची पट्टी बांधलेली होती, वारा कुठला ते कळायला. आत येऊन म्हणाले, "वारा नळीकडून आपल्याकडे आहे. धूर दरीत जाईल." आणि त्यांनी शेगडी पेटवली.

काय सांगू, तासाभरात धाकटीला घाम फुटला. उठून बसली. चहा प्यायली. "ह्यांनी ढगाशी बेइमानी केली," मला हळूच म्हणाली, "आणि तीही माझ्यासाठी. लग्नात एवढी लाजले नव्हते मी." असा चेहरा मी तिचा लहानपणी पाहिला होता.

मग भावोजी कागद बदलायला गेले, आणि परत आले ते हातात कागद घेऊन. तव्याच्या बुडासारखा काळा. वारा कधीच फिरला होता. ढगात ती पट्टी भिजून काठीला चिकटून बसली होती. वारा कुठलाही असो, ती एकीकडेच बोट दाखवत होती.

 धाकटीनं कागद बघितला, नवऱ्याकडे बघितलं, आणि अंथरुणातून उठून, मी धरेपर्यंत, तांब्यातलं पाणी शेगडीवर ओतलं.

"दुसरा कागद लावा," ती म्हणाली. "एक वाया गेला तर बोलतील. सगळे गेले तर काढतील."

"पुन्हा पेटवतो मी," भावोजी म्हणाले.

"पेटवाल तर मी बाहेर जाऊन बसेन, तुमच्या त्या चौकटीखाली." आमच्या घरात हट्टाला तोटा कधीच नव्हता.

ढग उठला तेव्हा धाकटी नव्हती. सूर्य एवढा लखलखीत आला होता की त्याचा राग यावा.

जीपमधून प्रयोगशाळेच्या बाई स्वतः आल्या. चांगली बाई. भावोजींनी तो काळा कागद त्यांच्यापुढे धरला. "हा ढग नाही. आमची शेगडी आहे."

बाईंनी कागद घेतला, आणि त्यांना काही समजेना. "अहो, पण पंप बंद करायचा ना. एक बटण होतं. माणूस आजारी आहे म्हटल्यावर पंप बंद करायचा, चौकटीवर ताडपत्री टाकायची आणि हवी तेवढी शेगडी पेटवायची. दोन दिवसांचे कागद नसते मिळाले, तर काय बिघडलं असतं? तुम्हाला कोणी सांगितलं, बंद करायचा नाही म्हणून?"

ज्यानं सांगितलं तो म्हातारा केव्हाच गेला होता. त्यालाही त्याच्या आधीच्या कोणीतरी सांगितलं असेल.

 भावोजींनी फक्त एवढंच विचारलं, "तो आमचा धूर ज्या ढगात गेला, त्याचा पुढे कुठे पाऊस पडला असेल का?"

बाई घुटमळल्या. "सांगता येत नाही. धुराचे कण फार बारीक आणि फार जास्त असतात. पाणी तेवढंच, वाटेकरी फार. घरात भांडंभर दूध आणि प्यायला वीस तोंडं असावीत, तसं. थेंब लहान राहतात, जड होत नाहीत. असा ढग बरेचदा न पडताच पुढे जातो."

"न पडताच," भावोजी म्हणाले.

ते पुन्हा वर गेले, कामाला. मला वाटलं बरं झालं, माणूस गुंतलेला बरा. पण पुढे प्रयोगशाळेतून विचारणा व्हायला लागली. ऊन असेल त्या दिवसांचे कागद ठीक, ढग असेल त्या दिवसांचे कोरे. पांढरे शुभ्र. बाटलीत थेंब नाही. एकदा जीपवाला ढग असतानाच कसाबसा वर पोचला, तर पंप बंद, चौकटीवर ताडपत्री, आणि आत शेगडी लालभडक पेटलेली. भावोजी एकटेच समोर बसलेले. धाकटीचं अंथरूण शेगडीच्या बाजूला घातलेलं.

बाईंनी बरीच वर्षं सांभाळून घेतलं. पण ढग धरायला ठेवलेला माणूस ढगच सोडून देतो म्हटल्यावर त्या तरी काय करणार?

आता आमचे हे नाहीत, भावोजी माझ्याकडे असतात. दोन म्हातारी माणसं, भांडायला विषय पुष्कळ. आभाळ भरून आलं की मात्र ते भांडणही सोडतात. खिडकी लावतात, माझी शेगडी पेटवतात, तिच्यापुढे दोन खुर्च्या मांडतात. एकीवर स्वतः बसतात. दुसरीवर मी बसते. ती माझ्यासाठी मांडलेली नसते, हे मला कळतं. पण गुडघे दुखतात आणि खुर्ची रिकामी असते, मग बसते.

परवा मला म्हणाले, "ऊब लागतेय ना?"

कोणाला विचारलं ते मी विचारलं नाही. "लागतेय," म्हटलं.