पडद्यावरची बायको आणि सौंसरची बस

माझं आयुष्य कुठे घसरलं ते मी नेमकं सांगू शकतो: नागपुरात, शेती प्रदर्शनाच्या तंबूत. एका कीटकनाशक कंपनीची फिल्म चालू होती. संत्र्याच्या बगीच्यात फवारून दमलेल्या नवऱ्याला बायको पाणी देते. बायको म्हणजे वंदना! माझ्या वर्गातली, सौंसरची, जिच्याशी लग्न करायचं मी मनात ठरवलेलं. गळ्यात मंगळसूत्र. कॉलेज मी आधीच सोडलं होतं (सरांशी भांडून, बरोबर त्यांचंच होतं). आता गावही सोडलं.

फिल्म दाखवत फिरणारी कंपनीची गाडी पांढुर्ण्यात आहे असं कळलं. तिकडे जायचं तर पॅसेंजर धरा. रागावलेल्या माणसाला ती विचार करायला भरपूर वेळ देते. मी तो झोपेत घालवला. स्टेशनाबाहेर गरम आलूबोंडा खाऊन थेट ऑपरेटरला गाठलं. प्रोजेक्टर पुसत त्याने आधी इतिहास ऐकवला: पूर्वी कंपन्या स्वतःच्या कारखान्याची धुराडी दाखवत, लोक उठून जात. मग साहेबांना उमगलं, धुराडी नको, सुखी घर दाखवा. नवऱ्याचं विचारलं तर हसला.

"तो आमचा सेल्समन आहे भाऊ. मंगळसूत्र या पेटीतच असते."

मी हवेत. संध्याकाळी बाजारात पडदा लागला. मागे पांढऱ्या टोपीतले एक काका कुरकुरत होते, "भाच्यासाठी हेच पोरगी पाहून राहिलो होतो. हे तर लग्न झालेली निघाली."

मला राहवलं नाही. पडद्यापुढे उडी मारून ओरडलो, "खोटं आहे हे! तिचं लग्न झालेलं नाही!" माझं डोकं सेल्समनच्या पोटावर दिसत होतं म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कंपनीचाच कार्यक्रम वाटला.

सकाळी सौंसरची बस. दोन्हीकडे कापूस, मग संत्र्याचे बगीचे. मागच्या सीटवर बसू नका, कंबर जाते. शेजारी तेच काका, सोबत नवा शर्ट घातलेला भाचा. काकांनी मला ओळखलं, चिवड्याची पुडी हातात दिली. "तुमच्यामुळेच चाललो जी पोरगी पाहायले." कोणती, ते मला दुसऱ्या घासाला कळलं. तरी खात राहिलो.

स्टँडवरून धावत मी आधी पोचलो. मागच्या दाराशी वंदनाला धापा टाकत सगळं सांगितलं. तेवढ्यात पुढच्या खोलीत पाहुणे आले, आणि तिच्या बाबांचा कधी नव्हे इतका गोड आवाज.

"फिल्म फिरून राहिली तवापासून एक स्थळ आलं नाही," ती हळूच म्हणाली. "बाबा म्हणाले, तोवर शीक. पुढच्या महिन्यात छिंदवाड्याले मास्तरणीच्या ट्रेनिंगले जाऊन राहिली होती मी."

होती.

मी म्हटलं, मग माझ्याशीच कर लग्न.

"तू पण पाहायलेच आला ना? मग बस त्याइच्या बाजूले."

आतून बाबांनी चहा मागितला. तिने पदर नीट केला, ट्रे उचलला. "जाताना दार लावून घे. उघडं दिसलं की अजून कोणी येईल."

उरलेला चिवडा मी ओट्यावर ठेवला, बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.